शरणप्पाची वाईन

सकाळपासून शेजारच्या शरणप्पाच्या घरात भांडण चाललं होतं, आणि तेही वाटीभर दुधावरून. जबड्याच्या कॅन्सरवर सोलापुरात रेडिएशनचा शेक घेऊन आल्यापासून त्याच्या जिभेची चव गेली होती. आता त्यानं गिळणंच सोडलं होतं. पोटात काही गेलं नाही तर माणूस टिकायचा नाही, असं डॉक्टरनं त्याच्या बायकोला, इरम्माला, तोंडावर सांगितलं होतं.

"कुडीरी, प्या की वो," इरम्मा हातापाया पडत होती. घाबरली की तिच्या तोंडात माहेरची कानडी यायची.

"माती खाल्ल्यावानी लागतंय. माज्या बागंची वाईन आना, ती पितो."

आता काय बोलावं या माणसाला! शरणप्पानं उभी हयात वाईनची द्राक्षं पिकवली. बारीक, काळी, बियांनी भरलेली. गावची पोरंसुद्धा ती तोंडात धरायची नाहीत. कंपनीचा टेम्पो यायचा आणि माल घेऊन जायचा. पण घर लिंगायताचं, गळ्यात लिंग, दारू वर्ज्य. त्या द्राक्षांचं पुढं काय होतं ते यानं कधी चाखलं नव्हतं. मला राग आला. शेवटी मीच जाऊन त्याच कंपनीची बाटली आणली.

एक घोट घेतला आणि शरणप्पा रडायला लागला. "निस्तं पानी हाय. यात माजी बाग कुठं हाय? इरम्मा, तू पिऊन सांग."

इरम्मानं जन्मात थेंब शिवला नव्हता. तिनं पदराआड गळ्यातलं लिंग मुठीत झाकलं, डोळे मिटले आणि घोट घेतला. तोंड असं वाकडं झालं, की मला वाटलं आता ओकते.

"आधी आंबट लागतंय," ती म्हणाली. "पयल्या साली तुमी हिरवा मनी तोंडात टाकला व्हता बघा, तसं. मग तुरट. बोअर आटलं, आन् आपुन घागरीनं एकेक येल भिजवला, ते साल."

"व्हय?" शरणप्पानं पेला ओढला. घोट घेतला. गिळला. "म्होरं?"

"म्होरं लई ग्वाड. द्राक्षाच्या मांडवाखाली आपल्या लेकीला, महेश्वरीला हळद लावली, ते साल."

मग रोज तसंच चाललं. गोष्टीमागं घोटभर वाईन, आणि वाईनमागं डाळीचं पाणीही उतरायला लागलं. बाटली संपत आली तोवर डॉक्टरला कळलं. तोंड सोलवटलेल्या माणसाला दारू पाजता, म्हणून तो माझ्यावरच खेकसला.

दुसऱ्या दिवशी इरम्मानं त्याच पेल्यात दूध ओतलं. शरणप्पानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

"ही वाईन पांढरी कशी?"

मला वाटलं, संपलं सगळं.

"गारपिटीचं साल हाय," इरम्मा म्हणाली.

शरणप्पानं तोंड परत तिच्याकडं वळवलं. त्या वर्षी बघता बघता अख्खी बाग भुईला मिळाली होती. पुढं त्या दिवसाचं नाव दोघांनी कधी काढलं नव्हतं.

"सांग," तो म्हणाला.

"बांधापातूर निस्त्या गारा. तुमी उघड्या डोक्यानं येलीला मिठी मारून बसला व्हता. म्या वढत व्हते, तर तुमी उठंना..."

इरम्मा सांगत होती आणि ढसाढसा रडत होती. शरणप्पाही रडत होता, पण घोट घेत होता. पेला रिकामा झाला. त्यानं तो तिच्यापुढं धरला.

"येवढ्याच न्हवत्या गारा," तो म्हणाला. "आजून वत."