मबरूकाच्या गाठींची जाळी

"सोड म्हणतो ना, जलीला. घरची जाळी पोरींनी ओलांडली की होडीकडे मासा फिरकत नाही. तुझ्या आजीनं शिकवलं नाही?"

"आजोबा, दोन वर्षं हिनं पाणी पाहिलं नाही. तुमच्या कोंबड्या झोपायच्या हिच्यावर."

जिच्यावरून हे चाललंय ती जाळी मीच. माझं एक टोक फुटबॉलच्या गोलखांबाला, दुसरं या आजोबांच्या, तिजानीच्या मुठीत. पिवळ्या सदऱ्यांतल्या पोरी थयथयताहेत, पलीकडच्या बेटावरचा संघ होडीतून उतरलाय, आणि पंच म्हणतोय, जाळी नाही तर सामना नाही. सामना झाला तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मैदान पोरींचं. नाही झाला तर नेहमीसारखं मुलांचंच. माझी वीण न् वीण थरथरतेय. भीतीनं नव्हे हो, आनंदानं.

माझा जन्म करकेना बेटाच्या बंदरावर, मबरूकाच्या उंबऱ्यात. अंगठ्याला दोर अडकवून, दातांनी टोकं तोडत तिनं मला विणलं. तिचा नवरा मला समुद्रात टाकी, धाकटा दीर तिजानी ओढून घेई. फाटून आले की पुन्हा मबरूकाच्या मांडीवर. सुई तिची, नाव त्यांचं. आणि अंगणात मी पसरलेली असले की हातात उकळतं कालवण घेऊन ती भिंतीला घासत वळसा घाली. बाईनं ओलांडलं की म्हणे मासा पळतो. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, मासा पळतो तो भोकातून.

तो नवरा गेला, नायलॉनच्या जाळ्या आल्या, मी दिराच्या खुराड्यावर पडले. तिथून मबरूकाच्या नातीनं, या जलीलानं, मला उचललं. काल सरावात पहिला चेंडू येऊन धडकला. मासा जाळीत मरायला येतो. हा आला तेव्हा सात पोरी नाचल्या. म्हातारपणी असं सुख.

आता मात्र तिजानीनं हिसका दिला आणि माझ्या विणीतले दोन डोळे फाटले.

तेवढ्यात मबरूका आली, पदराच्या टोकाला सुई टोचलेली. या वेळी तिनं वळसा घातला नाही. सगळ्या बंदरादेखत माझ्यावरून पाय टाकून ती पलीकडे गेली, खाली बसली, फाटलेले डोळे मांडीवर घेतले आणि मान वर न करता म्हणाली,

"भावजी, बाईच्या हातची एकही गाठ नसलेली जाळी घेऊन उद्या समुद्रावर जा, आणि काय आणता ते मला दाखवा."