कोंडू उर्फ विद्याधर

“नातं काय तुमचं?”

“मी त्याला विकत घेतलाय,” ज्युलियाबाय म्हणाली.

अंधेरीच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली टाइपरायटर मांडून बसलेल्या चंद्रप्रकाशची बोटं जागच्या जागी थांबली. वीस वर्षं तो लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करत होता. सावत्र आई, दत्तक मुलगा, दोन-दोन बायका, सगळं त्याच्या यंत्रातून गेलं होतं. हे नव्हतं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि आधी लुगडं नेसलेल्या सत्तरीच्या म्हातारीकडे, मग तिच्याशेजारी इस्त्रीच्या पँटमध्ये उभ्या असलेल्या तिशीच्या विद्याधरकडे पाहिलं.

“केवढ्याला घेतला?”

“मूठभर कोंड्याला.”

“स्वस्तात पडला की!”

“तवा तेवढाच होता तो.”

विद्याधरचे कान लाल झाले. “बाय, त्यांना कशाला हे सगळं?”

पण सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. विद्याधर परब मरोळच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होता. कॅनडातल्या कारखान्यानं त्याला नोकरी देऊ केली होती, मुलाखत झाली होती, डॉक्टरनं छातीसुद्धा ठोकून पाहिली होती, आणि घोडं येऊन अडलं ते नावापाशी. जन्माच्या दाखल्यावर कोंडू, बाकी सगळीकडे विद्याधर. कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला तेव्हा पोरांनी ‘कोंड्या, गिरणीत जा’ करून त्याचा जीव नकोसा केला होता, म्हणून त्यानं गॅझेटात छापून नाव बदललं. ते कात्रण त्यानं जपून ठेवलं होतं. पण कॅनडावाल्यांना जन्मापासून ओळखणारं वडीलधारं माणूस हवं होतं, कोंडू आणि विद्याधर एकच असं शपथेवर सांगणारं. मुदत आठवड्याची. आईवडील कधीच वारले होते. उरली होती ती मरोळ गावठाणातली ज्युलियाबाय, जिच्या मागच्या खोलीत परबांचा संसार भाड्यानं राहिला होता.

“कोंडा कशाला पण?” चंद्रप्रकाशला आता काम सुचेना.

“याच्या आईची तीन पोरं गेली, एक पण वरसाचं झालं नाय,” ज्युलियाबाय म्हणाली. “हा चौथा. बाराव्या दिवशी तिनं याला सुपात घालून माझ्या पायरीवर ठेवला. मी तिच्या पदरात मूठभर कोंडा टाकला नि पोर उचलला. मग दूध पाजायला तिलाच दिला, पण पोर माझा. म्हणून कोंडू. कोंड्याच्या मोलाच्या पोराकडं कोण बघतंय? मरण पण बघत नाय.”

“तुमच्या फादरना चाललं हे?”

“फादरला सांगितलं कोणी?”

चंद्रप्रकाश हसत हसत कामाला लागला. मजकूर तयार झाल्यावर त्यानं तो मराठीत वाचून दाखवला. “...सदर इसमानं कोंडू हे नाव कायमचं सोडलं असून यापुढे त्या नावाशी त्याचा काही संबंध नाही. करा अंगठा.”

ज्युलियाबायनं पुढे केलेला हात मागे घेतला.

“मी नाय करत.”

“बाय, अगं हे नाही झालं तर वाट लागेल माझी!”

“नि झालं तर? तीस वरसं त्या नावाखाली झाकून ठेवलाय तुला. आता मीच शपथ घेऊन सांगू, कोंडू नाय, हा विद्याधर हाय, शिकलाय, विमानात बसतोय, बघा सगळ्यांनी?”

विद्याधरला हसू येणार होतं. पण म्हातारीनं अंगठा पदरात लपवला होता. ती खरंच घाबरली होती.

त्याला रत्नप्रभाशी झालेलं आपलं लग्न आठवलं. मंडपात साहेब आलेले, आणि तेवढ्यात ही लांबून ओरडली होती, ‘ए कोंड्या, जेवला का रे?’ सगळा मंडप हसला. त्यानंतर दोन महिने तो तिच्याशी बोलला नव्हता.

“लग्नात पण तू म्हणूनच...?”

“मग? त्या दिवशी तर सगळ्यांची नजर तुझ्यावर.”

विद्याधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला वाटायचं, म्हातारी चारचौघांत त्याची मजा बघते.

“मामा, हे बदलता येईल?” त्यानं विचारलं.

“न यायला काय झालं! सोडल्याचं गॅझेटात आहेच. बाईंनी फक्त माणूस एकच आहे एवढं सांगायचं.” चंद्रप्रकाशनं नवा कागद चढवला. “कोंडू उर्फ विद्याधर. दोन्ही चालू. झालं, बाय?”

“कोंडू पयला हाय ना?”

“पहिला आहे,” म्हणत चंद्रप्रकाशनं विद्याधरकडे पाहिलं.

“आणि नात्यात काय घालू? विकत घेतला म्हटलं तर कॅनडावाले भलतंच समजतील.”

“जन्मापासून सांभाळणारी, असं लिहा,” विद्याधर म्हणाला.

मॅजिस्ट्रेटसमोरचं काम पाच मिनिटांत उरकलं. बसस्टॉपवर आल्यावर ज्युलियाबायनं विचारलं,

“तिकडं तुला कोंड्या बोलणारं कोण हाय?”

“कोणी नाही. रत्नप्रभा ‘अहो’ म्हणते.”

म्हातारीनं मान हलवली. “मग मी मारीन हाक. रोज सकाळी, दारातनं. तुला ऐकू येणार नाय. ज्याला ऐकू जायला पायजे त्याला जाईल.”

ही किती वर्षं हाका मारणार, हा विचार विद्याधरच्या मनात आला. त्याला पोस्टात जायचं होतं, तिला घरी. त्यानं तिला मरोळच्या बसमध्ये बसवून दिलं.

बस सुटली आणि ज्युलियाबायनं खिडकीबाहेर डोकं काढलं.

“ए कोंड्याऽ!”

रांगेतले लोक वळून बघायला लागले. त्यात त्याच्या कारखान्यातले दोघे होते. विद्याधरनं कागदांचं पाकीट काखेत धरलं आणि बस वळणाआड जाईपर्यंत छाती भरून ओ देत राहिला.