अनचर्च्ड

१९५१च्या फेब्रुवारीत माझे बाळ जन्मतःच गेले. मी वाचले. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या इस्पितळात मला रक्ताच्या चार बाटल्या चढवल्या. लग्नाआधी मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे चार बाटल्या म्हणजे शरीरातले किती रक्त, हे मला ठाऊक होते. देणारे कोण होते, ते मात्र कधीच कळले नाही.

खाणीवरच्या आमच्या गल्लीत परतले तेव्हा शेजारणींनी मला काही कमी पडू दिले नाही. ट्युलिपबाई रोज वाटाण्याचे दाट सूप आणून देत. कपडे धुऊन, इस्त्री होऊन येत. नवरा विल्फ खाणीतून येण्याआधी कोणीतरी शेगडी पेटवून जाई. पण मला आपल्या घरात कोणी घेत नव्हते.

मी ‘अनचर्च्ड’ होते. बाळंतीण चर्चमध्ये जाऊन देवाचे आभार मानत नाही तोवर तिला आमच्याकडे असे म्हणतात. अशा बाईने दुसऱ्याचा उंबरा ओलांडला तर त्या घरावर संकट येते, असे सगळे मानत. ज्या घरांतले पुरुष रोज जमिनीखाली उतरतात, तिथे हा धोका कोण पत्करणार? इतर बायका महिन्याभरात यातून मोकळ्या होत. मला सात आठवडे झाले होते आणि विषयच कोणी काढत नव्हते.

शेवटी मीच काढला. सासूबाई, हॅना हेपल, शेजारच्याच घरात राहत. मागच्या दारात बसून त्या बटाटे सोलत होत्या. मी बाहेर बोळात उभी होते.

“आई, मी अजून किती दिवस बाहेर उभं राहायचं?”

त्यांची सुरी थांबली. “मी कोण ठरवणारी, पोरी? रीत आहे ती.”

“मग चर्चमध्ये कधी जायचं?”

“कुशीत बाळ असलं की जातात गं. तुला तिथे गुडघे टेकवून आभार मानायला लावू? एवढी दुष्ट वाटले का मी तुला?”

ट्युलिपबाईंनी भिंतीवरून डोके काढले. “पाद्रीबाबांना विचार की, हॅना! का वेगळ्या प्रार्थनाघरात जाणाऱ्या तुम्हा मेथडिस्टांना चर्चचं दारच सापडत नाही?”

“चार पोरांच्या वेळी चारदा जाऊन आलेय मी! तुझा नवरा मेल्याशिवाय जायचा नाही तिथे.”

“तेव्हाही कुरकुर करेल,” ट्युलिपबाई म्हणाल्या.

म्हणजे मला दुखवू नये म्हणूनच सगळ्या गप्प होत्या. राग येईल असे वाटले होते, पण आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाद्री थर्लवेल यांच्या दाराशी गेले. “तुम्हाला बोलवायला माझीच जीभ रेटेना,” ते म्हणाले आणि त्यांनी त्या विधीचे पान काढून दिले. प्रयोगाच्या सूचना वाचाव्यात तशी ती प्रार्थना मी दोनदा वाचली. बाईच्या वेदना संपल्या, जिवावरचे संकट टळले, त्याचे आभार. बाळाबद्दल त्या प्रार्थनेत एक अक्षर नव्हते.

मी येऊन हॅनाबाईंना सांगितले.

“कुठेच नाही?”

“नाही. हे घ्या, तुम्हीच वाचा.”

“चष्मा नाही माझ्याकडे.” चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मग त्या हळूच म्हणाल्या, “विल्फच्या आधी एक झाली होती. मुलगी. तीही जन्मतःच गेली. मला कोणी नेलं नाही, मीही विचारलं नाही. विल्फ होईपर्यंत, चौदा महिने, आईच्या घरात पाऊल टाकलं नाही मी. ती दारात खुर्ची घेऊन बसायची आणि मी रस्त्यावर उभी.”

गुरुवारी सकाळी आम्ही दोघी गेलो. सोबत एक वडीलधारी बाई लागते. ती मागच्या बाकावर बसते. मी पुढे गुडघे टेकले. पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली तेव्हा मला त्या रक्त देणाऱ्या अनोळखी माणसांची आठवण झाली. त्यांचेही आभार मी तिथेच मानले.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर भार आला. माझा आधार घेत हॅनाबाई शेजारी गुडघ्यांवर बसत होत्या. पाद्रीबाबा थांबले.  हॅनाबाई नीट टेकेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

घरी आल्यावर हॅनाबाईंनी आपले पुढचे दार सताड उघडले आणि बाजूला सरून आधी मला आत जाऊ दिले.