प्रार्थनेपुरती शांतता

ओले हात कपड्यांनाच पुसत ती मागच्या गॅलरीत धावली आणि तिने जनरेटरची दोरी ओढली. पहिल्या हिसक्याला तो नुसता खोकला. दुसऱ्याला धुराचा लोट सोडून धडधडू लागला. आतल्या खोलीत, नवऱ्याच्या उशाशी असलेल्या प्राणवायूच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

खालच्या मजल्यावर शिंप्याचाही जनरेटर सुरू झाला. त्याने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं.

"काकू, आज तुमचं भूत आधी उठलं."

"तुमचं आळशी झालंय," ती ओरडून म्हणाली. ओरडल्याशिवाय आता या घरात काही बोलताच येत नव्हतं.

वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल, याचा नेम उरला नव्हता. जनरेटरही थकलेला. खटक्यावर हात धरून शेजारी कोणी बसलं नाही, तर मध्येच मान टाकायचा. म्हणून ती गॅलरीत स्टुलावर बसून राही. तिथे नवऱ्याची हाक पोचत नसे. मग त्यानेच युक्ती काढली होती. सुतळीचं एक टोक त्याच्या मनगटाला, दुसरं तिच्या. एक हिसका म्हणजे पाणी, दोन म्हणजे उशी, तीन म्हणजे असशील तशी ये. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. घड्याळ कानाशी धरून त्याचं दुखणं सांगायचा. त्याच कानांत आता दिवसरात्र ही धडधड.

राखीव सिलिंडर दुपारीच संपला होता. नवा सकाळी येणार होता. यंत्राशिवाय थोडा वेळ निभेल, पण भरवसा धरू नका, असं डॉक्टर बजावून गेले होते.

उजेड उतरला तशी तिने डोळे मिटले. संध्याकाळची प्रार्थना तिने लग्नाआधीपासून कधी चुकवली नव्हती. ती झाल्याशिवाय अन्नाला शिवायची नाही. हल्ली ती इथेच, खटक्यावर हात ठेवून म्हणायची. ओठ हलायचे, पण आवाज तिचा तिलाच ऐकू यायचा नाही. देवाला पोचत असेल, अशी मनाची समजूत घालायची. अलीकडे तीही पटेनाशी झाली होती.

सुतळी ओढली गेली. एक हिसका नव्हे, दोन नव्हेत, तीनही नव्हेत. सावकाश, लांब ओढली गेली आणि तशीच ताणलेली राहिली.

घटकाभरच टिकणारी लाकडी पाचर खटक्यात ठोकून ती आत धावली आणि त्याच्या तोंडाशी कान नेला.

"बंद कर," तो म्हणाला.

"काय बंद करू?"

"जनरेटर."

"अहो, यंत्र बंद पडेल."

"मला यंत्रांतलं शिकवू नकोस." त्याने दम घेतला. "तू हल्ली म्हणत नाहीस."

काय म्हणत नाही, हे तिला चटकन उमगलं नाही. उमगलं तेव्हा तिने त्याचं पांघरूण उगीचच सारखं केलं.

"म्हणते की. रोज म्हणते."

"ऐकू येत नाही."

"तुम्ही कधीपासून ऐकायला लागलात?"

लग्नानंतर पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं होतं, तुझा देव बहिरा आहे का, रोज तेच तेच सांगतेस? तेव्हापासून ती मधलं दार लावूनच बसायची.

"दार पातळ आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच."

"वीज आली की म्हणते. अगदी मोठ्याने."

"कधी?"

ती गॅलरीत गेली आणि खाली वाकून शिंप्याला हाका मारल्या.

"जरा तुमचं बंद करता?"

"काकू, गणवेशांचा ढीग पडलाय. सकाळी शाळेची माणसं माझा गळा धरतील. किती वेळ?"

"प्रार्थनेपुरता."

"आणि काकांचं यंत्र?"

तिने मनगटावरची सुतळी चाचपली. शिंप्याने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग मान आत घेतली. खालची धडधड थांबली.

तिने पाचर काढली.

शांतता इतकी अचानक आली की कान दुखले. मोरीत नळ ठिबकत होता. भिंतीवरचं घड्याळ अजून चालतंय, हे ती विसरूनच गेली होती. ती आत आली, तेव्हा नवऱ्याने एक बोट वर केलं.

"मागे पडतंय," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

यंत्रावरचा हिरवा दिवा विझला होता. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि म्हणू लागली. नजर त्याच्या छातीवर, मग नखांवर. शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. ओळ संपण्याआधीच ती पुढची धरत होती. निम्म्यावर आली, तेव्हा सुतळीला हिसका बसला.

"पाणी देऊ?"

त्याने नकारार्थी मान हलवली. बोलायला त्याला वेळ लागला.

"घाई करू नकोस."

ती थांबली. खालून कात्रीचाही आवाज येत नव्हता. तिने सुतळीचे वेढे आपल्या मनगटाला देत ती आखूड केली, त्याचा हात हातात येईपर्यंत. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.