हाताचा निवाडा

“झालं का पाणी, म्बाह?” बाळाचं दुपटं सोडता सोडता वेनिंगने विचारलं.

सगळ्या गावाची म्बाह, म्हणजे आजी असलेल्या तुमिराह म्हातारीने टबात हात फिरवला. “आंगेत आहे,” ती म्हणाली. म्हणून तर गेली, पण हात काही पाण्यातून काढवेना.

वोनोसोबोच्या डोंगरउतारावरच्या त्या गावात या एका शब्दाशिवाय कुणाचं पान हलत नसे. अंघोळीचं पाणी आंगेत म्हणजे नेमकं. गार नाही, कढत नाही. पोराचं अंग आंगेत म्हणजे मात्र कणकण, आज त्याला वाऱ्यात नेऊ नका. रुसून गेलेली सून परतली की घर पुन्हा आंगेत झालं म्हणत. आणि पाणी असो की पोराचं कपाळ, निवाडा तुमिराहच्या हाताचा. निम्मं गाव तिनेच न्हाऊमाखू घातलेलं. वेनिंगला, आणि वेनिंगच्या आईला, म्हणजे सुमार्नीलाही.

पण गेल्या पावसाळ्यापासून तिची बोटं बधिर होत चालली होती. दवाखान्यातली बाई साखर वाढलीय म्हणाली. तुमिराहने कुणाकडे चकार शब्द काढला नाही. वाफेच्या अंदाजाने आणि सवयीने ती निभावून नेत होती. आज सकाळी मात्र थंडी अशी पडली होती की बोलणाऱ्याच्या तोंडातूनही वाफ निघत होती. त्यात सुमार्नीने चुलीवरचं पाणी ओतलं तेवढ्यात बाळ रडलं, तुमिराह तिकडे वळली. मग गार पाणी घातलं की राहिलं? काही केल्या आठवेना.

वेनिंगने बाळ उचललं. त्याच्या टाचा पाण्यापासून वीतभर वर होत्या.

“थांब,” तुमिराह म्हणाली, आणि वाकून तिने पाण्याला ओठ लावले. चटका बसून ती मागे सरली.

सुमार्नी धावत आली. तिने कोपर बुडवलं आणि लगेच काढलं. मग तिचं लक्ष म्हातारीच्या हाताकडे गेलं. तो मनगटापर्यंत लालबुंद झाला होता.

“म्बाह, हे दुखत नाही तुम्हाला?”

“नाही गं. कधीपासून काही कळतच नाही.”

वेनिंगने बाळाला छातीशी घट्ट धरलं. “मग सांगायचंत ना आम्हाला.”

“सांगितलं असतं तर बोलावलं असतंस?”

सुमार्नीने खाली मान घालून टबात गार पाणी ओतलं, ढवळलं, पुन्हा कोपर बुडवलं.

“आंगेत,” ती हळूच म्हणाली.

सवयीने तुमिराहने दोन्ही हात पुढे केले. वेनिंग क्षणभर घुटमळली, मग तिने बाळ आपल्या आईकडे दिलं. तुमिराहचे हात तसेच राहिले. मग तिने शेजारचा पंचा उचलला आणि त्याची घडी मोडून पुन्हा घातली. मान नीट धर, असं सांगायला तिने तोंड उघडलं; पण सुमार्नीने मान बरोबर धरली होती. बाळ रडलंसुद्धा नाही.

बाळ निजल्यावर सुमार्नीने म्हातारीच्या हाताला कोरफडीचा गर लावला. मग चहा आणला. पेला पुढे करता करता ती थबकली, तो तिने आधी आपल्या गालाला लावून पाहिला, थोडी फुंकर घातली, आणि मगच म्हातारीच्या हातात दिला.

तुमिराहने तो दोन्ही हातांनी धरला.