डब्यातली गोळी

सुईने नशा करणाऱ्या पंजाबातल्या पोरांची बातमी टीव्हीवर पाहिली आणि सुरतेतल्या लिंबायतच्या भागीरथीबाईंनी धसकाच घेतला. लेक चेतन कामावरून आला, की आधी त्याच्या बाह्या वर करायच्या आणि सुईची खूण शोधायची, हा त्यांचा नेम झाला.

"माय, रोज काय दखस? मी असलं काही करस नही!" तो वैतागायचा.

"माले दखू दे."

खूण काही सापडायची नाही. मग बाई निवांत मनाने नवऱ्याचा डबा भरायला बसत. सुपडूभाऊ पॉवरलूमवर कामाला होते. पाळीभर उभं राहून खांदे भरून येत, म्हणून कारखान्यातल्या इतरांसारखे तेही कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुखण्याची कॅप्सूल आणत. आधी कधीमधी, मग रोज, आता तर चहाबरोबरही. एखादे वेळी ठेचा राहून जाईल, पण भागीरथीबाई डब्यात कॅप्सूल ठेवायला विसरत नसत!

एके दिवशी तपासणीच्या भीतीने दुकानदाराने कॅप्सूल द्यायचं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सुपडूभाऊ घामाने भिजले, थरथरू लागले, साध्या बोलण्यावर खेकसले. तशाच हातांनी मशीनवर जायला निघाले! बाईंनी चेतनला शेजाऱ्याकडे पिटाळलं, "एक गोळी मांगी लय."

तेवढ्यात सुपडूभाऊंची भाची उज्ज्वला आली. ती नर्स होती. मामांना पाहताच तिने चेतनला दारातच थांबवलं.

"मामी, हा ताप नाही. मामांना गोळीची सवय लागलीय."

"काहीबी बोलू नको! त्यासनी सुई कधी हातात धरी नही."

"सुई तिकडची, मामी. कुठे नशा सुईतून येते, कुठे खोकल्याच्या बाटलीतून. इथे पोरं जागं राहायला पावडर घेतात आणि मामांसारखी माणसं दुखणं दाबायला गोळी. तुम्ही पंजाबची खूण सुरतेत शोधत बसलात!"

चेतन हळूच म्हणाला, "माय, तू मन्हा हात दखस. पण डबा कोन भरस?"

भागीरथीबाईंची नजर डब्यावर गेली. रोज आपल्याच हातांनी... अरे देवा!

"मी नशेबाज नही, पोरी," सुपडूभाऊंना रडू कोसळलं. "मन्हा खांदा दुखस."

"मला माहीत आहे, मामा. यात लाजण्यासारखं काही नाही. पण गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही आणि आपल्या मनाने एकदम तोडायचीही नाही. डॉक्टर ती हळूहळू सोडवतील, खांद्यावरही इलाज करतील."

त्या दिवशीची पाळी बुडाली. पुढेही खाडे पडले, चिडचिड झाली, एकदा तर उपचार सोडून द्यायची वेळ आली. पण भागीरथीबाई दर खेपेला दवाखान्यात सोबत गेल्या. चेतनच्या बाह्या वर करणं त्यांनी सोडलं. आता त्या जवळ बसून त्याला विचारतात, "काय दुखस रे तुनं?"

मंडळी, दुसऱ्या मुलखाच्या बातमीवर हळहळणं सोपं असतं. आपल्या गल्लीतली नशा मात्र औषध म्हणून येते, आणि आपणच ती मायेने डब्यात भरतो. आज आपल्या घरचा डबा एकदा उघडून पाहा!