फुकट घरपोच, अटी लागू

खाडीकाठच्या केटा गावातल्या शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत हल्ली एकच विषय चालायचा. कोणी काय मागवलं, आणि ते फुकट घरपोच आलं की नाही. गणिताचे एडेम सर तर मोबाइल नाचवत सांगायचे, "नवा पंखा मागवला. पोचवायचा एक छदाम दिला नाही! पैसे भरून सामान मागवतो तो खुळा."

सगळे हसायचे. तिथे शिकवणारी सेनामही हसायची. खुळ्यात आपली गणती होऊ नये, असं कोणाला वाटत नाही?

तिची आई आफी न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं, टाके सुकले. "आता वॉकर घ्या आणि रोज चालवा," डॉक्टरांनी बजावलं, "नाहीतर पाय आखडून बसेल. आणि वॉकरशिवाय त्या पायावर भार टाकू नका." दवाखान्यासमोरच्या दुकानात वॉकर होता. पण ॲपवर तसाच वॉकर स्वस्त दिसला, आणि वर ठळक हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: मोठ्या खरेदीवर घरपोच फुकट!

फुकट पोचवण्यासाठी ठरलेल्या रकमेला वॉकरची किंमत थोडी कमी पडत होती. म्हणून सेनामने एक कढई घेतली. तरी पोचवण्याचा खर्च दिसतच राहिला. बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं, कढई दुसऱ्या विक्रेत्याची, ती हिशेबात धरत नाहीत. कढई काढून तिने चादरी घेतल्या. आता रक्कम भरली, पण नवी अट निघाली: मोठ्या आकाराच्या वस्तूंना सवलत फक्त अक्रा शहरात. एव्हाना ती इतकी पुढे आली होती की मागे फिरणं जिवावर आलं. एक कुलूप उघडावं तर आत दुसरं दार, त्यालाही कुलूप.

"अहो, मग अक्र्याचा पत्ता टाका!" एडेम सरांनी तोड काढली. "माझा मावसभाऊ राहतो तिथे. तो घेईल आणि इकडे येणाऱ्या ट्रोट्रो गाडीत घालून पाठवून देईल."

सेनामने मावसभावाचा पत्ता टाकला आणि पैसे भरले. हातात उरलेले सगळेच भरले.

माल अक्र्याला पोचला त्या दिवशी मावसभाऊ गावाला गेला होता आणि त्याचा फोन बंद होता. पोचवणारा दोनदा येऊन परत गेला. मग वॉकर आणि चादरी कंपनीच्या गोदामात जाऊन पडल्या. तिथून सोडवायला मावसभावालाच जावं लागणार होतं, आणि तो काही परतला नव्हता.

इकडे आफी खाटेवर बसून होती. चाळीस वर्षं केट्याच्या बाजारात धुरावलेली मासळी विकलेली ती बाई. तिच्या आवाजाने शेजारच्या गाळ्यातली गिऱ्हाइकंसुद्धा वळायची. आता तिचं जग म्हणजे चार भिंती आणि एक खिडकी. पलीकडे खाडीत होड्या हलायच्या, बायका टोपल्या घेऊन जायच्या. खिडकीतून कोणी हाक मारली की ती ओरडून सांगायची, "येतेय गं बाजारात! माझी घोडी तेवढी येऊ दे!"

वॉकरला ती घोडी म्हणायची.

"सेनाम, कुठवर आली माझी घोडी?"

"निघालीय, आई. उद्या येईल."

हा उद्या रोजच उजाडायचा. सेनामला खरं सांगायचं होतं. पण सांगायचं काय? की शिकल्यासवरलेल्या मास्तरणीने चार सेडी वाचवायला आईला खाटेला बांधून ठेवलं? ऑर्डर रद्द केली तर पैसे हातात मिळणार नव्हते, ॲपच्याच खात्यात जमा होणार होते. दवाखान्यासमोरच्या दुकानात उधारी नव्हती. पगाराला अवकाश होता. शेजारणीकडे मागावं, तर आईच्या कानावर जाणार. आणि शाळेत कोणाकडे हात पसरावा, तर "मग, आला का फुकट?" असं एडेम सर सगळ्यांसमोर विचारत, आणि ती म्हणे, "आला की!" एक खोटं निभवायला दुसरं बोलावं लागत होतं. जिकडे वळावं तिकडे भिंत.

अशात अन्लोगा गावाहून निरोप आला. यावा गेली.

यावा म्हणजे आफीची बाजारातली जोडीदारीण. दोघींनी एका छपराखाली धंदा केला, एका थाळीत आक्प्ले खाल्लं, एकमेकींची बाळंतपणं केली. आफीने खिडकीबाहेरच्या होड्यांकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "शनिवारी माती आहे. मी जाणार. घोडी तोवर येईलच ना?"

"येईल, आई," सेनाम म्हणाली.

तिने अंगणात जाऊन कंपनीला फोन लावला. "ताई, पोचवायचे लागतील तेवढे पैसे घ्या, पण वॉकर केट्याला पाठवा."

"मॅडम, तुमची ऑर्डर अक्र्याची आहे. पत्ता बदलता येत नाही."

"मग रद्द करून पैसे परत द्या."

"खात्यात जमा होतील, मॅडम. त्यातून तुम्ही पुन्हा खरेदी करू शकता. मोठ्या खरेदीवर घरपोच फुकट आहे."

सेनामने फोन ठेवला. हसावं की रडावं, तिला कळेना.

शनिवारी सकाळी ती उठली तेव्हा आई काळं-तांबडं दुखवट्याचं कापड नेसून खाटेच्या कडेला बसली होती. डोक्याला रुमाल बांधलेला, पावलं जमिनीवर टेकवलेली, हात मांडीवर.

"आली?"

सेनाम दारातच खाली बसली. तिने सगळं सांगितलं. कढई, चादरी, अक्रा, गोदाम, आणि ते रोजचे उद्या.

सेनाम एकदम उठली, शेजारणीकडून पैसे मागून घेतले आणि दवाखान्याकडे धावत सुटली. दुकानाला कुलूप! दारावर पाटी होती: आज मयतीला गेलो आहे.

ती रिकाम्या हाती परतली. "आई, टॅक्सी आणते. चौघांना सांगते उचलायला."

"नको." आफीचा आवाज खाली आला होता. "यावाच्या दारात मी पोत्यासारखी उतरणार नाही. तिने मला कायम चालत येताना पाहिलंय."

दुपारी प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा मायलेकी त्याच खोलीत बसून होत्या. अन्लोग्याला माती पडत होती, आणि आफी खिडकीकडे तोंड करून हलक्या आवाजात यावाचं आवडतं भजन म्हणत होती. सेनामचा बांध फुटला.

"आई, मला बोल. शिव्या दे."

"शिव्या कशाला? ऐक. मीही गिऱ्हाइकाला वरताळा द्यायचे. भाव ठरला, पैसे आले, की वर मूठभर मासळी. वरताळा शेवटी देतात, पोरी. जो आधीच दाखवतो, तो देत नसतो. तो गळाला किडा लावत असतो. पुढच्या वेळी पहिल्याच पायरीला विचार, माझ्या दारात आणून टाकायचे सगळे मिळून किती? धड उत्तर आलं नाही, तर ऊठ आणि चालू लाग."

"मला उठताच आलं नाही गं."

"लाजेपायी. फसणं हा गुन्हा नव्हे. मीही फसलेय, खोट्या नोटा घेतल्यात. पण मी बाजारात उभी राहून बोंब ठोकायचे, म्हणून दुसरी वाचायची. तू गप्प बसलीस. तुझ्या गप्पपणाने आधी तुला कोंडलं, मग मला!"

किती खरं होतं ते!

सोमवारी मधल्या सुट्टीत एडेम सरांनी पुन्हा विचारलं, "काय मॅडम, फुकटचा वॉकर कसा आहे?"

"आलाच नाही, सर," सेनाम उभी राहून म्हणाली. "मी फसले. आणि मी खोटं बोलत आले. त्यापायी माझ्या आईला मैत्रिणीच्या मातीला जाता आलं नाही."

एडेम सरांनी मोबाइल खिशात घातला. मग खाली बघत म्हणाले, "माझा पंखा... फुकट पोचावा म्हणून मी नको असलेली इस्त्री घेतली होती, मॅडम. घरात एक आहेच. कोणाला सांगू?" मग इंग्रजीच्या बाई बोलल्या. मग मुख्याध्यापकसुद्धा! प्रत्येकाला वाटत होतं, एकटे आपणच खुळे.

त्या दिवशी सगळ्यांनी मिळून कंपनीला एक सणसणीत तक्रार लिहिली: अटी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत सांगा, आणि पैसे हातात परत द्या. एकटीला जी कंपनी दाद देत नव्हती, तिने या सगळ्यांना नमतं घेतलं. सेनामचे पैसे परत आले. तो शनिवार काही परत आला नाही.

वॉकर तिने त्याआधीच, सोमवारी शाळा सुटताच, शेजारणीच्या पैशांतून दवाखान्यासमोरून आणला होता. पहिल्या दिवशी आफी दारापर्यंत चालली, मग अंगणापर्यंत. पाय थोडा आखडला होता, तो आखडलेलाच राहिला. एका रविवारी ती अन्लोग्याला यावाच्या मातीपाशी लंगडत गेली आणि म्हणाली, "उशीर झाला गं. रागावू नकोस."

वाचकहो, फुकटाची जाहिरात आपणा सर्वांच्या हातातल्या फोनवर रोज येते. ती येऊ द्या. पण पैसे भरण्याआधी विचारा, आणि फसलात तर शेजाऱ्याला सांगा. फसवणाऱ्याचं अर्धं भांडवल त्याच्या बारीक अक्षरांत असतं. उरलेलं अर्धं आपण गप्प बसून त्याला पुरवतो.